शूर मुलांच्या चित्रकथा दुसरीतल्या मुलीला द्याव्यात का, आणि कशा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी दुसरीत, मराठी माध्यमात. अक्षरं आली आहेत, जोडाक्षरापाशी अडखळते. पाठ्यपुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखायला लागतं आणि चित्रकथा हातात दिली की तासभर जागची हलत नाही. आता तिला ‘पूर्वीच्या शूर मुलांची’ कॉमिक्स हवी आहेत. तुम्हाला तीन शंका आहेत. कॉमिक वाचणं हे वाचन का, की नुसती चित्रं बघणं? गोष्टी कुठल्या मुलांच्या द्यायच्या? आणि यातली बरीच मुलं शेवटी मारली जातात, ते सात वर्षांच्या पोरीपुढे कसं ठेवायचं?

मी सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. निवृत्तीनंतर सोलापूरच्या पूर्व भागात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवते. संध्याकाळी पाच ते सात. पुस्तकं साडेसातशेच्या आसपास, निम्मी शिवलेली नाहीतर चिकटवलेली. तुमच्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिथं मी स्वतः आपटलेय.

पहिलीतल्या एका मुलाला मी गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन मुलांची, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांची चित्रकथा घरी नेऊ दिली होती. रंगीत मुखपृष्ठ, त्यावर दोन गोड मुलं, मोठी अक्षरं. मी आत नीट बघितलंच नाही. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सरहिंदच्या सुभेदारानं धर्म सोडा म्हणून दरडावलं, दोघांनी नाही म्हटलं, आणि त्यांना भिंतीत चिणलं. धाकटा फतेहसिंग साधारण माझ्या त्या वाचकाच्याच वयाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची अव्वा, म्हणजे आजी, दारात. चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती. म्हणाली, “बाई, पोरगा रात्रभर उठून उठून भिंतीला हात लावून बघतोय.”

पुस्तक परत घेतलं आणि पहिल्यांदा पान पान लावून पाहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती दोन मुलं हसतमुख होती. विटा गळ्यापर्यंत आल्या तरी कपाळावर आठी नाही. चित्रकाराला बहुधा वाटलं असेल की शूर मूल म्हणजे न घाबरणारं मूल. पण पुस्तकातलं मूल घाबरत नाही, तेव्हा सगळी भीती वाचणाऱ्याच्या वाट्याला येते. माझ्या त्या पोरानं एकट्यानं रात्रभर ती सगळी सोसली.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. पुस्तक हातात आलं की मी मुखपृष्ठ बघत नाही, शेवटही नाही. त्यातलं मूल घाबरलेलं, गोंधळलेलं, निदान दोन क्षण थांबलेलं दिसतं असं पान शोधते. ते असेल तर पुढं बघायचं. नसेल तर पुस्तक कितीही देखणं असो, दुसरीच्या कपाटात जात नाही. तिसरी-चौथीच्या पुढं मुलं वाद घालू शकतात, ‘असं कसं, त्यांना भीती वाटलीच असेल’ असं पुस्तकालाच सुनावतात. सात वर्षांचं मूल पुस्तकाशी वाद घालत नाही. ते आत जाऊन बसतं.

या कसोटीला उतरणारी एक गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल. रूबी ब्रिजेस. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर, १४ नोव्हेंबर १९६०. आपल्याकडचा बालदिन, पण तो योगायोग. सहा वर्षांची ही काळी मुलगी तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या शाळेत पहिल्यांदा जात होती. कोर्टाचा आदेश होता, म्हणून संरक्षणाला सरकारचे चार मार्शल सोबत. शाळेबाहेर ही गर्दी, आरडाओरडा, काहीबाही फेकणं. आणि रूबीला काय वाटलं? तिला वाटलं मार्डी ग्रा आहे, म्हणजे त्यांच्या गावचा मोठा उत्सव, मिरवणुकांचा. हे वाक्य मी आमच्या खोलीत वाचलं तेव्हा मागून एक आवाज आला, “गड्डा!” बरोबर. गड्डा म्हणजे आमची सिद्धरामेश्वराची यात्रा. तिथं लहान मुलाच्या उंचीवरून नुसते पाय, आवाज आणि धूळ दिसते, तसंच. आमच्या मुलांना त्यानंतर काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढं रूबीला खरी भीती वाटली ती एका बाईच्या हातातल्या वस्तूची. छोट्याशा शवपेटीत ठेवलेली काळी बाहुली. शिव्या तिला कळत नव्हत्या, बाहुली कळली. हे ते पान. मग गोऱ्या आईबापांनी आपापली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या एका शिक्षिकेनं रूबीला वर्षभर एकटीला शिकवलं. रिकामा वर्ग, एक बाई, एक मुलगी. या गोष्टीत कुणी मरत नाही, तलवार नाही, घोडा नाही. रोज सकाळी उठून त्याच दारातून आत जायचं, एवढंच शौर्य. दुसरीतल्या मुलाला ते लगेच कळतं, कारण शाळेत जायची भीती त्याला चांगलीच ठाऊक असते. तुमच्या मुलीला तर विशेष कळेल.

याच प्रसंगावर नॉर्मन रॉकवेलनं १९६४ मध्ये केलेलं एक प्रसिद्ध चित्र आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी चालतेय, पुढं-मागं चार मार्शल, पण त्यांची डोकी चित्राच्या चौकटीबाहेर कापलेली. मागच्या भिंतीवर फुटलेल्या टोमॅटोचा लाल ओघळ. मोबाइलवर ते चित्र काढून मुलीला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: या माणसांची तोंडं का नाही काढली? आमच्याकडे एकानं उत्तर दिलं, “कारण तिला ती दिसत नाहीत, ती बुटकी आहे.” हे उत्तर देणारं मूल वाचतंय की नुसती चित्रं बघतंय, ते तुम्हीच ठरवा.

त्याच धाग्यानं पहिल्या शंकेकडे येते. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये पांढरी फट असते. आमची मुलं तिला ‘गल्ली’ म्हणतात. दोन घरं दिसतात, मधल्या गल्लीत काय झालं ते दिसत नाही, ते वाचणाऱ्यानं भरायचं. ओडिशातल्या बाजी राऊतची गोष्ट घ्या. ऑक्टोबर १९३८, ढेंकानाळ संस्थान, ब्राह्मणी नदीचा घाट, रात्र. बारा वर्षांचा नावाड्याचा पोरगा, नावेवर पहाऱ्याला बसलेला. पोलीस येतात, पलीकडे सोड म्हणतात. एका चौकटीत पोलिसाचा हात नावेच्या दोरीवर. पुढच्या चौकटीत बाजीचा हात त्याच दोरीवर. मधल्या गल्लीत काय झालं? तिथं मूल थांबतं. त्यानं काय विचार केला, कुणाची आठवण आली, पळून जावंसं वाटलं का. धड्यात हे सगळं लेखक सांगून मोकळा होतो, इथं वाचणाऱ्याला करावं लागतं. अक्षरं कमी असतात, काम कमी नसतं.

तरी तुमची शंका अगदीच चुकीची नाही. नुसती पानं उलटून ‘झालं वाचून’ म्हणणारी मुलं असतात. त्यासाठी मी चिठ्ठ्या वापरते. पहिल्या दिवशी पात्रांचं बोलणं लिहिलेल्या सगळ्या फुग्यांवर साध्या कागदाच्या चिठ्ठ्या अडकवायच्या आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगायला लावायची. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढून वाचायचं. मुलगी स्वतःहून म्हणेल, “अगं, मला वाटलं तो रागावलाय, तो तर रडतोय!” आपण लावलेला अर्थ शब्दांशी ताडून बघणं, वाचनात याहून मोठं काही मला तरी शिकवता आलं नाही. आणि दोन्ही दिवशीची गोष्ट अगदी एकच निघाली, तर पुस्तक सुमार आहे असं समजा. चित्रात जे दिसतंय तेच फुग्यात लिहिलंय, म्हणजे कुणीतरी अर्धंच काम केलंय.

आमच्या भागात याचा आणखी एक उपयोग होतो. इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू. शाळेतली मराठी त्यांची दुसरी भाषा. चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक हीच मुलं घरी अव्वाला तेलुगूत सांगतात, मग येऊन मराठीत वाचतात. गोष्ट आधीच कळलेली असल्यामुळे मराठी शब्दाशी झुंजायला जीव उरतो.

जोडाक्षरांचं म्हणाल तर चित्रकथेतले आवाज वाचायला द्या. ‘खट्ट’, ‘सप्पकन’, ‘धाड्‌’, ‘छम्म’. धड्यातल्या ‘पट्टा’ शब्दाला अडकणारी मुलं ‘खट्ट’ बिनचूक ओरडतात, कारण शेजारी दाराला कडी लागल्याचं चित्र असतं. एकदा ‘खट्ट’ आलं की ‘पट्टा’, ‘लठ्ठ’ मागोमाग येतात. हे मला बीएड-डीएडमध्ये कुणी शिकवलं नाही, पोरांनी शिकवलं.

आता दुकानात उभं राहून काय बघायचं ते सांगते. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे मिळणाऱ्या रंगीत चित्रकथांपैकी पुष्कळ मुळात इंग्रजीत केलेल्या असतात. फुगे इंग्रजीच्या मापानं काढलेले. इंग्रजी कॉमिकमधली मोठी अक्षरं एकाच उंचीची, वर-खाली काही लोंबत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्याच फुग्यात मराठी कोंबायचं तर अक्षर बारीक करावं लागतं किंवा ओळी एकमेकींवर चढतात. म्हणून पुस्तक हातभर लांब धरा आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटलाय का बघा. चिकटला असेल तर ‘कु’ आणि ‘के’ यांतला फरक दुसरीतल्या डोळ्याला दिसणार नाही, आणि आपण म्हणणार पोरगी हळू वाचते.

दुसरं, ओळ संपली म्हणून शब्द मध्येच तोडलाय का. ‘स्वातं-’ एका ओळीत आणि ‘त्र्य’ दुसऱ्या ओळीत असेल तर मोठ्या माणसाला कळतं, नवशिक्या वाचकाला ‘त्र्य’ हा नवाच शब्द वाटतो.

तिसरं, फुग्यात दोन, फार तर तीन ओळी. आठ-दहा शब्दांच्या वर गेलं की तो फुगा राहत नाही, परिच्छेद होतो. चौकटीच्या वरची पट्टीही वाचून बघा. ‘तद्नंतर’, ‘उद्गारले’, ‘पाचारण केले’ असलं काही दिसलं तर ते पुस्तक तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचं, तिच्या एकटीच्या हातात द्यायचं नाही. माझं माप असं: एका पानावर पाचाहून जास्त शब्दांना तिचं बोट थांबलं तर आज नको, सहा महिन्यांनी.

आणि चौथं, मुलं मुलांसारखी बोलतात का. बारा वर्षांचा पोरगा फुग्यात ‘मातृभूमीसाठी माझ्या प्राणांची आहुती’ वगैरे म्हणायला लागला की माझी मुलं हसतात. मला रागवावंसं वाटत नाही.

कोणाच्या गोष्टी द्यायच्या, ही तुमची मधली शंका. मी रणांगणापासून सुरुवात करत नाही. लुई ब्रेलपासून करते. १८०९ साली फ्रान्समधल्या कुव्रे नावाच्या खेड्यात जन्म, बाप घोड्यांचं चामडी सामान बनवणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात खेळताना आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत. तिथं त्याला चार्ल्स बार्बिये यांची बारा उठावदार ठिपक्यांची लिपी कळली. बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत, म्हणून या पोरानं ते सहावर आणले. पंधराव्या वर्षापर्यंत लिपी उभी राहिली. ठिपके उठवायला वापरलं काय, तर आरीसारखंच टोकदार हत्यार. चित्रकथेसाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही: पहिल्या पानावर आरी, शेवटच्या पानावर तसंच टोक, आणि मधे कुठंही कुणी त्यावर भाषण केलेलं नाही. आमच्या मुलांनी चांभाराच्या दुकानात आरी बघितलेली असते, त्यामुळे पहिल्याच चौकटीला ती डोळे मिटतात. भीतीचं पान मिळालं. वाचून झाल्यावर जाड कागदावर मागच्या बाजूनं बॉलपेननं ठिपके उठवून द्या, डोळे मिटून स्वतःचं नाव शोधू दे.

दुसरी मुक्ता साळवे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची. निबंध दुसरीला झेपणार नाही, झेपवायचा प्रयत्नही करू नका. पण ‘माझ्या लोकांना असं का वागवता’ हे एका मुलीनं कागदावर लिहिलं आणि लोकांनी वाचलं, एवढं पुष्कळ झालं. ज्या मुलीचं लिहिताना पोटात दुखतं, तिला लिहिण्यातही धाडस असतं हे कळू दे.

आंबेडकरांच्या लहानपणातला प्रवास तिसरा. १९०१ चा सुमार, साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचा अशी छान कपडे घातलेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी येत नाही. जात कळल्यावर गाडीवाले नकार देतात. शेवटी एकजण दुप्पट भाडं घेतो, तेही बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची या बोलीवर. रात्रभर पाणी मिळत नाही. यात मुलं काही पराक्रम करत नाहीत. मी तरी ही गोष्ट शूर मुलांच्या कप्प्यातच ठेवते. आंबेडकरांच्या या आठवणींवर ‘भीमायन’ ही चित्रकादंबरी २०११ साली आली, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. ती मोठ्या मुलांची आहे, पण चार पानं दुसरीलाही दाखवण्यासारखी आहेत. तिच्यात चौकोनी चौकटी नाहीत. आणि फुगे बघा: चांगल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराचं, लागट बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्या खोलीत त्यानंतर महिनाभर भांडणं ‘नांगी’ या एका शब्दावर चालली होती.

आता आपला नंदुरबारचा शिरीषकुमार. ही गोष्ट टाळू नका, पण दुसरीला एकटीनं वाचायलाही देऊ नका. ९ सप्टेंबर १९४२, ‘चले जाव’चे दिवस, मुलांची मिरवणूक, हातात तिरंगा. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, वय पंधरा-सोळा, आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. पाच जण. पुस्तकं बहुधा एकट्या शिरीषकुमारला काढतात, बाकीचे चार मागच्या गर्दीत. आम्ही पाचही नावं मोठ्यानं वाचतो. शिरीषकुमारची घोषणा गुजरातीत होती असं सांगतात, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं’, कारण घरची भाषा गुजराती. हे सांगितलं की आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पोरांचे कान टवकारतात: म्हणजे घरच्या भाषेत ओरडलेलं चालतं?

मरणाचं काय? लपवू नका. मुलांना कळतंच, आणि आपण लपवलं हेही कळतं. ‘गोळी लागली आणि तो मेला’ असं सरळ वाक्य म्हणा. ‘अमर झाला’, ‘देवाघरी गेला’ असलं काही घातलंत तर पुढचा तास त्याचीच उत्तरं देण्यात जाईल. रक्त मोठं करून काढलेलं असेल, किंवा मेलेल्या मुलाचा चेहरा उजळलेला, आकाशातून फुलं पडतायत असं असेल, तर मी पुस्तक ठेवत नाही. दुसरं जास्त धोक्याचं वाटतं मला. मरण हे बक्षीस आहे असं सात वर्षांच्या मुलाला वाटता कामा नये. आणि पुस्तक मिटल्यावर मूल हमखास विचारतं, “त्याची आई कुठे होती?” तो प्रश्न पुस्तकात नसतो. तिथंच बसून राहा, चहा ठेवायला उठू नका.

खुदीराम बोस मी आठवीच्या आधी देत नाही. मुझफ्फरपूरला बॉम्ब ज्या न्यायाधीशासाठी होता तो वाचला आणि दोन बायका मेल्या, हे फुग्यात मावत नाही. शिवरायांच्या बालपणाच्या चित्रकथा घरात असतीलच, चौथीला इतिहासाचं पुस्तकही तेच आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही. फक्त त्यातले बरेच प्रसंग पुढं लिहिलेल्या बखरींतून आणि परंपरेतून आलेत, तेवढं लक्षात असू द्या.

यावरून आठवलं. चित्रकथेत कुठलीही गोष्ट तितकीच खरी दिसते, कारण घडलेलं आणि कल्पनेतलं एकाच रंगात रंगवलेलं असतं. म्हणून आम्ही दोन पेन्सिली ठेवतो. नक्की घडलेल्या चौकटीखाली निळा ठिपका, ‘असं सांगतात’ला पिवळा. मुक्ता साळवेला एका गोऱ्या साहेबानं खाऊ दिला तेव्हा ती म्हणाली, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, अशी एक गोष्ट सांगितली जाते. पिवळा. निबंध छापून आला, निळा. फुग्यातली जवळजवळ सगळी वाक्यं पिवळीच, कारण त्या वेळी तिथं लिहून घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं. मुलांचा विरस होईल असं मला आधी वाटायचं. उलटंच होतं, पिवळे ठिपके शोधायला चढाओढ लागते.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत, तीही फुकट. ती चित्रकथेपेक्षा चित्रपुस्तकं जास्त, पण अक्षर मोठं आणि स्वच्छ. अमर चित्रकथा १९६७ पासूनच्या, जुन्या मराठी प्रती रद्दीवाल्याकडे अजून सापडतात. त्यातली भाषा दुसरीला जड. शिवाय सज्जन गोरा आणि दुष्ट काळा, हे रंगवणं मुलीबरोबर बोलून घ्या. रूबीची गोष्ट आधी झाली असेल तर तीच बोलेल.

शेवटी सोलापूरचं. दर जानेवारीत, गड्ड्याच्या तोंडावर, शाळेत चार हुतात्म्यांची नावं घेतली जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “बाई, त्यात लहान मूल कोण होतं?” चौघंही मोठी माणसं होती. मग पुढचा प्रश्न येतो: त्या दिवसांत सोलापुरातली लहान मुलं काय करत होती?

याचं छापील पुस्तक माझ्याकडे नाही, म्हणून मी त्यांना आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझी आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी, झेंडा असलं काही घरात सापडणं धोक्याचं. शिपाई गल्लीत शिरल्याचं कळलं तेव्हा घरात ती एकटीच होती. तिनं वडिलांची टोपी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसली आणि दार उघडलं. पिवळा ठिपका, अर्थातच.

ही गोष्ट मुलं चार चौकटींत काढतात. साधा कागद दोनदा दुमडायचा, झाल्या चार चौकटी. पेन नाही, पेन्सिलच, कारण खोडता आलं पाहिजे. तुमच्याही घरात आजी-आजोबांना विचारून बघा आणि मुलीलाच काढू द्या, विकतच्या पुस्तकाची वाट कशाला बघता. गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीनं शेवटच्या चौकटीत दार उघडलेलं काढलं. पलीकडे शिपायांचे नुसते पाय आणि काठ्या. अलीकडे आजी, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. फुगा नाही. मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगतेय, पण हाताला पीठ लागलं असणार हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या पोराला मात्र ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हात धुवायला वेळ होता. त्यावर साडेसात वाजेपर्यंत भांडण चाललं आणि मला दिवे घालवून सगळ्यांना हाकलावं लागलं.